आयव्ही लीगची चौथी जागा: महिला बास्केटबॉलच्या हंगामाचा हिशेब कसा ठेवायचा

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल बघायला सुरुवात केली की आधी गोंधळ उडतो तो गुणतक्त्याचा. साडेतीनशेहून जास्त संघ, तीसेक कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचे गट), प्रत्येकीचे नियम वेगळे. म्हणून शिकायला एकच कॉन्फरन्स घ्या आणि ती नीट समजून घ्या. त्यासाठी आयव्ही लीगइतकी सोयीची दुसरी नाही. संघ आठच: प्रिन्स्टन, कोलंबिया, हार्वर्ड, पेन, येल, ब्राउन, कॉर्नेल आणि डार्टमथ. प्रत्येक संघ इतर सातही संघांशी दोनदा खेळतो, एकदा घरच्या कोर्टवर आणि एकदा त्यांच्याकडे. लीगचे सामने झाले चौदा. पहिले चार संघ मार्चमध्ये ‘आयव्ही मॅडनेस’ या स्पर्धेला जातात, पहिला चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी उपांत्य फेरी खेळतो, आणि जिंकणारा थेट एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोचतो.

इथेच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. थेट प्रवेश मिळतो तो आयव्ही मॅडनेस जिंकणाऱ्याला. चौदा सामन्यांनंतर अव्वल असलेल्याला नव्हे. २०१६ पर्यंत तो अव्वल संघाला मिळायचा, २०१७ पासून स्पर्धा सुरू झाली आणि सगळं बदललं. २०२५ मध्ये कोलंबियाने लीगमध्ये १३-१ (तेरा विजय, एक पराभव) अशी कामगिरी केली, तरी अंतिम सामन्यात हार्वर्डने त्यांना हरवून थेट प्रवेश नेला. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतली खरी चुरस दोन ठिकाणी असते: चौथी जागा कोणाची, आणि वरच्या दोन-तीन संघांची कामगिरी इतकी भक्कम आहे का, की मॅडनेस हरूनही एनसीएएची निवड समिती त्यांना बोलावेल. या दोन्हींचे हिशेब वेगवेगळे ठेवावे लागतात.

तक्ता स्वतः मांडा

संकेतस्थळावरचा तक्ता बघू नका असं नाही, पण तो पुरत नाही. एक स्प्रेडशीट उघडा. पहिल्या रकान्यात संघाचं नाव, दुसऱ्यात लीगमधले पराभव, तिसऱ्यात लीगमधले विजय, चौथ्यात उरलेले सामने. पराभव आधी लिहायचे, कारण कमी खेळलेल्या संघाला विजय अजून मिळवता येतात, झालेला पराभव मात्र पुसता येत नाही. फेब्रुवारीत एका संघाचे सात सामने झालेले असतात आणि दुसऱ्याचे आठ. ५-२ आणि ६-२ यातला दुसरा पुढे दिसतो, पण पराभव सारखेच आहेत, म्हणजे पहिल्याचं नशीब अजून त्याच्याच हातात आहे.

नेहमी होणारी चूक: तक्त्यात लीगचा आणि एकूण हंगामाचा आकडा शेजारी शेजारी छापलेला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमधले बाहेरच्या संघांविरुद्धचे सामने एकूण आकड्यात येतात, लीगच्या आकड्यात नाहीत. चौथ्या जागेशी त्यांचा काहीच संबंध नाही. ते निवड समितीसाठी लागतात, त्यांचं पुढे बघू.

आता त्याच फाइलमध्ये आठ गुणिले आठची जाळी करा. आडव्या ओळीत आठ संघ, उभ्या रकान्यात तेच आठ. प्रत्येक चौकोनात दोन अक्षरांची जागा ठेवा, उभ्या रकान्यातला संघ जिंकला तर ‘ज’, हरला तर ‘ह’. ही जाळी हंगामभर भरत गेलात तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला कोणालाही काही विचारावं लागणार नाही, कारण बरोबरी झाली की सगळं या जाळीवरच ठरतं.

गुणांचा फरक मात्र या जाळीत लिहू नका. आयपीएल बघून तयार झालेला प्रेक्षक इथे हमखास फसतो. तिकडे बरोबरी झाली की नेट रनरेट, म्हणून मोठ्या फरकाने जिंकण्याला किंमत. आयव्हीत क्रम ठरवताना एका गुणाने जिंकलात काय आणि तीसने जिंकलात काय, नोंद सारखीच. आधी बघतात आपसातले सामने. तिथेही १-१ झालं तर अव्वल संघाविरुद्ध कोणाची कामगिरी चांगली, मग दुसऱ्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध, असं करत खाली. एवढं करूनही फरक पडला नाही, तरच संगणकीय क्रमवारीची सरासरी. म्हणूनच जानेवारीत मधल्या फळीतल्या संघाने अव्वल संघाला एकदा जरी हरवलं, तरी ते ठळक करून ठेवा. दोन महिन्यांनी तोच एक विजय कामाला येतो.

जादुई आकडा

सूत्र सोपं आहे. चौदा सामन्यांच्या लीगमध्ये १५ मधून तुमच्या संघाचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करा. जे उरतं तितके तुमचे विजय किंवा त्याचे पराभव, मिळून, झाले की तो तुम्हाला गाठू शकत नाही. आपसातल्या दोन्ही लढती तुम्ही जिंकल्या असतील तर १५ ऐवजी १४ धरा, कारण दोघांतच बरोबरी झाली तर ती तुमच्या बाजूने सुटणार.

चौथ्या जागेसाठी हा आकडा एकट्या पाचव्या संघाशी काढून थांबू नका. पाचव्यापासून आठव्यापर्यंत प्रत्येकाशी काढा आणि त्यातला सर्वांत मोठा धरा. नुसता पाचवा धरला की काय होतं ते उदाहरणात बघू.

समजा बारा सामने झालेत, दोन उरलेत. वरचे तीन ११-१, ९-३, ८-४. चौथा संघ च ६-६, पाचवा प ५-७, सहावा स ५-७, खाली ३-९ आणि १-११. च, प आणि स यांचे आपसातले सगळे सामने उरकलेत: च ने प ला दोन्हीदा हरवलं, स ने च ला दोन्हीदा हरवलं, प आणि स १-१.

प च्या संदर्भात च चा आकडा १४ − ६ − ७, म्हणजे १. आता निर्धास्त झालात तर फसाल. स च्या संदर्भात तो १५ − ६ − ७, म्हणजे २ आहे, आणि तोच खरा. च ने एक जिंकला, एक हरला आणि स ने दोन्ही जिंकले तर दोघे ७-७, आणि आपसातल्या २-० वर स आत. आणि प नेही दोन्ही जिंकले तर? तिघे ७-७. अशा वेळी जोड्या लावत बसायचं नाही, तिघांचाच छोटा तक्ता करायचा: स ३-१, च २-२, प १-३. पुन्हा स. म्हणजे च च्या पाठीराख्यांनी शेवटच्या शनिवार-रविवारी प चा सामना बघण्यात वेळ घालवू नये. स हरतो का तेवढं बघावं. च ने एक जिंकला आणि स एक हरला की काम झालं, मग प ने काहीही करो.

तिहेरी बरोबरीत एकाचा क्रम लागला की उरलेल्या दोघांचं काय, याचे नियम कॉन्फरन्सगणिक वेगळे असतात. त्या त्या वर्षीची नियमावली उघडून वाचा. मागच्या वर्षीची गृहीत धरू नका.

वेळापत्रकात काय शोधायचं

उरलेले सामने मोजताना ‘किती’पेक्षा ‘कुठे आणि कधी’ हे जास्त सांगून जातं. आयव्हीत काही आठवड्यांत शुक्रवारी आणि शनिवारी लागोपाठ सामने येतात, तेही दोन वेगवेगळ्या गावांत. शुक्रवारी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया आणि शनिवारी इथाकात कॉर्नेल अशी जोडी आली, तर मध्ये बसचा चार तासांच्या वरचा प्रवास. शुक्रवारचा बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता) उघडा आणि पाच मुख्य खेळाडूंची मिनिटं बघा. सामना चाळीस मिनिटांचा. तिघी-चौघी ३६ मिनिटांच्या वर खेळल्या असतील, तर शनिवारी चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचे तीन गुणांचे फटके आखूड पडायला लागतात आणि फाउल वाढतात. बाकावरून आठ-नऊ जणी खेळवणारे संघ फेब्रुवारीत वर सरकतात, ते यामुळे.

भारतातून बघणाऱ्यांनी घड्याळ सांभाळायला हवं. हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो. तिकडचे शुक्रवारचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटेचे साडेपाच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेनऊ तासांवर येतो. हे नेमकं आयव्ही मॅडनेसच्या सुमाराला होतं, त्यामुळे नेहमीच्या सवयीने गजर लावला तर पहिला तास गेलाच. न्यू जर्सीत एडिसन, प्लेन्सबोरोकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ही चिंता नाही. प्रिन्स्टनचं जॅडविन जिम त्यांना जवळ आहे. मॅडनेसचं यजमानपद फिरतं असतं: २०२४ ला कोलंबिया, २०२५ ला ब्राउन, २०२६ ला कॉर्नेल. यजमानाला आपोआप प्रवेश नाही. पहिल्या चारांत असेल तरच तो घरच्या कोर्टवर खेळतो.

बॉक्स स्कोअरमधला एक हिशेब

अंतिम गुणसंख्या फसवते, कारण कोणी भराभर खेळतं, कोणी सावकाश. म्हणून चेंडूचे ताबे मोजा: फटक्यांचे प्रयत्न, वजा आक्रमणातले रिबाउंड (आपला फटका चुकल्यावर परत मिळवलेले चेंडू), अधिक टर्नओव्हर (फटका न मारताच गमावलेले चेंडू), अधिक फ्री थ्रोचे प्रयत्न गुणिले ०.४७५. संघाने ६० फटके मारले, १० आक्रमक रिबाउंड घेतले, १५ वेळा चेंडू गमावला आणि १६ फ्री थ्रो घेतले तर ताबे ७२.६. गुण ६६ असतील तर शंभर ताब्यांमागे ९१. शंभराच्या पुढे गेलेला संघ उत्तम खेळला, असं खुशाल समजा.

शेवटच्या मिनिटाचे दोन नियम माहीत असले की चुरशीचा सामना कळतो. महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि सांघिक फाउल दर क्वार्टरला शून्यावर येतात. पाचव्या फाउलपासून प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो. म्हणजे तीन गुणांनी मागे असलेल्या संघाचे चौथ्या क्वार्टरमध्ये दोनच फाउल झालेले असतील, तर मुद्दाम फाउल करून फ्री थ्रो घ्यायला लावण्याआधी त्याला आणखी दोन फाउल वाया घालवावे लागतात आणि तेवढी सेकंदं हातची जातात. दुसरा नियम: चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटात टाइमआउट घेऊन चेंडू थेट पुढच्या अर्ध्यात आणता येतो. ज्या प्रशिक्षकाने टाइमआउट आधीच संपवलेत, तिच्या संघाला संपूर्ण कोर्ट धावत यावं लागतं. दोन गुणांच्या सामन्यात हाच फरक पडतो.

मॅडनेस हरल्यावर

वरच्या संघांसाठी दुसरा हिशेब आहे तो एनसीएएच्या ‘नेट’ या संगणकीय क्रमवारीचा. ती २०२०-२१ पासून महिलांच्या स्पर्धेसाठी वापरतात. प्रतिस्पर्ध्याच्या या क्रमवारीतल्या क्रमांकावरून समिती विजय चार गटांत विभागते. पहिल्या गटात येतो घरी १ ते २५, तटस्थ ठिकाणी १ ते ३५ आणि परक्या कोर्टवर १ ते ४५ क्रमांकाच्या संघावरचा विजय. आयव्हीत असे प्रतिस्पर्धी फार नाहीत, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेर कोणाशी खेळलात याला एवढं महत्त्व. २०१५ मध्ये प्रिन्स्टन ३०-० होतं, एकही पराभव नाही, तरी आपल्या विभागातल्या सोळा मानांकनांपैकी मिळालं आठवं. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवरचे विजय समितीने तितकेच मोजले. पुढच्याच वर्षी पेन लीग जिंकून गेलं आणि प्रिन्स्टनला समितीने बोलावलं. थेट प्रवेशाशिवाय निवडला गेलेला तो आयव्हीचा पहिला महिला संघ. २०२५ ला हार्वर्डबरोबर कोलंबिया आणि प्रिन्स्टन दोघांनाही बोलावणं आलं, एका लीगचे तीन संघ, आणि कोलंबियाने ‘फर्स्ट फोर’ या प्राथमिक फेरीत वॉशिंग्टनला ६३-६० हरवलं.

तेव्हा डिसेंबर संपताना वरच्या तीन संघांची पहिल्या दोन गटांतल्या विजयांची यादी करून ठेवा आणि दर सोमवारी तपासा. प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक हंगामभर बदलत राहतो, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या गटात मोडलेला विजय फेब्रुवारीत पहिल्या गटात जाऊ शकतो, आणि उलटही. लीगमध्ये अव्वल राहूनही एनसीएएचं बोलावणं आलं नाही, तर त्या संघाला २०२४ पासून सुरू झालेल्या ३२ संघांच्या डब्ल्यूबीआयटी या दुय्यम स्पर्धेत जागा असते. ती यादी एनसीएएचा ड्रॉ जाहीर होतो त्याच रात्री येते, तेव्हा आपला संघ मुख्य ड्रॉमध्ये दिसला नाही म्हणून लगेच स्क्रीन बंद करू नका.