कॉलेज बंद पडलं की आधी उठायची वेळ पकडा

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे कॉलेज बंद झालं तेव्हा मी एसवायला होतो, नाशिकच्या सिडकोत दोन खोल्या, अंबडची कंपनी बंद म्हणून पप्पा पण घरातच, आणि मी रात्री तीनपर्यंत मोबाईल घेऊन पडायचो, सकाळी उठेपर्यंत ऑनलाईन लेक्चरची हजेरी होऊन गेलेली. परत अशी साथ आली (येऊ नये बाबा) तर काय करायचं ते सांगतो.

टाइमटेबल बनवू नका, खरंच. मी चार रंगांच्या पेनांनी बनवलेलं, दोन दिवस टिकलं आणि मग भिंतीवर बघून अजूनच गिल्टी वाटायचं. फक्त उठायची वेळ पकडा, साडेसात म्हणजे साडेसात, रात्री कितीही वाजता झोपला असाल तरी. उठलं की गच्चीवर, पंधरा-वीस मिनिटं उजेडात. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, त्यामुळे रात्रीची झोप हळूहळू अलीकडे सरकते. सुरुवातीला डोकं जड होतं, पण दुपारी वीस मिनिटांच्या वर आडवं व्हायचं नाही. मी टाकीला टेकून पांडवलेणीचा डोंगर बघत चहा प्यायचो, रेंज पण तिथेच यायची.

बातम्या संध्याकाळी एकदाच. २१ एप्रिल २०२१ ला आपल्या नाशकात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पेशंट गेले, त्या रात्री एकच व्हिडिओ मला नऊ ग्रुपवर आला आणि मी नऊही वेळा बघितला. ग्रुप म्यूट करा. छाती धडधडली तर नाकाने चार मोजत श्वास आत, तोंडाने सात मोजत बाहेर, पाचेक मिनिटं.

मित्राला "कसा आहेस" विचारू नका, "मजेत" एवढंच येतं. "काल किती वाजता झोपलास, आज जेवलास का" असं विचारा, मग बोलतो.

घरी डिप्रेशन म्हटलं की आई घाबरते नाहीतर नजर काढते. त्यापेक्षा सरळ सांगा, "आई, पंधरा दिवस झाले झोप नाही, भूक नाही, मला डॉक्टरला दाखवायचंय." हे तिला लगेच कळतं. आता टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पण आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आमच्या वेळी नव्हता, २०२२ मध्ये सुरू झाला.

आणि कोणी जगण्यात अर्थ नाही वगैरे बोलला तर मस्करी समजू नका. जीव द्यायचं डोक्यात आहे का, स्पष्ट विचारा, विचारल्याने कोणी तसं करत नाही. हो म्हणाला तर फोन कट करू नका, दुसऱ्या फोनवरून त्याच्या घरच्यांना उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. चिडेल तो, चिडू दे.