३१० मिनिटांची वही

नीटचा निकाल लागला की दरवर्षी ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात, ताई एमबीबीएस तं काही होत नाही, बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची डिग्री) घेऊ की फिजिओ घेऊ, आणि लहान मुलांमधे स्कोप आहे का. दरवेळी फोनवर अर्धा तास तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून टाकते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे हाताची आणि रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देणारी, नऊ वर्षं झाली, नागपुरातच, आणि जवळपास सगळं काम सहा वर्षांखालच्या मुलांसोबत. कुणी उशिरा चालतंय, कुणी बोलत नाही, कुणाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालीला अडचण), कुणाला ऑटिझम, कुणाला काय आहे ते अजून कुणालाच नक्की कळलेलं नाही.

आधी शिक्षणाचं उरकते. बीओटीएच आणि बीपीटीएच (फिजिओची डिग्री) दोन्ही नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे, महाराष्ट्रात अॅडमिशन नीटच्या स्कोअरवर कॅप राऊंडने, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीने. नागपुरात सरकारी ऑक्युपेशनल थेरपीचं स्कूल मेडिकलमधेच, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजातच आहे. माझ्या वेळी साडेचार वर्षांचा कोर्स होता, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. २०२१ च्या कायद्याने आता आपल्या क्षेत्राला राष्ट्रीय कमिशन आलंय आणि त्यामुळे अभ्यासक्रम बदलून राहिलेत, तेव्हा ज्या वर्षी अॅडमिशन घ्याल त्या वर्षीचं ब्रोशर वाचा, माझ्या भरवशावर राहू नका. बोलण्याची आणि ऐकण्याची आवड असेल तर बीएएसएलपी, म्हणजे स्पीच आणि श्रवणाची डिग्री आहे. स्पेशल एज्युकेटर व्हायचं तर स्पेशल एज्युकेशनमधलं डीएड किंवा बीएड, पण ते आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) मान्यतेचंच घ्या, त्यांचा नोंदणी नंबर नसेल तर पुढे नोकरीत अडकता. धंतोलीत सीआरसी, म्हणजे केंद्र सरकारचं अपंग पुनर्वसन केंद्र आहे, एकदा जाऊन बघून या, चार-पाच प्रकारचे थेरपिस्ट एका छताखाली काय करतात ते दोन तासांत जेवढं दिसेल तेवढं कुठल्या माहितीपत्रकात नाही सापडणार.

आता खरं सांगायचं ते. कॉलेज तुम्हाला तुमचा तुकडा शिकवतं. फिजिओला पाय, आम्हाला हात आणि रोजची कामं, स्पीचवाल्याला तोंड आणि कान. पोरगं मात्र आख्खं येतं, आणि त्याच्यासोबत त्याची आई, आजी, भाड्याची खोली आणि एसटीचं टाइमटेबल येतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, एका वहीने शिकवलं.

साडेतीन वर्षांचा मुलगा, तिसाव्या आठवड्यात जन्मलेला, स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पाय ताठ, हात त्या मानाने बरे. आई घरी ब्लाउज शिवायची. तो फिजिओकडे एका ठिकाणी, स्पीचला दुसऱ्या ठिकाणी, माझ्याकडे तिसरीकडे आणि एका स्पेशल एज्युकेटरकडे. मी नवीन होते, जोशात होते, प्रत्येक सेशनला नवीन होम प्रोग्राम लिहून द्यायचे, चित्रं काढून, स्केचपेनने. दोन महिने काहीच फरक नाही म्हणून मी त्याच्या आईला, त्या ताईंना, जरा रागावूनच विचारलं की घरी करता ना सगळं. त्यांनी पिशवीतून वही काढली, मापाची वही, अर्ध्या पानावर कुणाची छाती-कंबर आणि खाली आमच्या सगळ्यांचा हिशेब किराण्याच्या बिलासारखा मांडलेला. गेटर (गुडघे सरळ ठेवणारे पट्टे) बांधून उभं ६०, स्ट्रेचिंग २० आणि २०, ब्रशिंग (अंगावर मऊ ब्रश फिरवणं) आणि झोका ३०, टेबलावरचं काम ४५, स्पीचची चित्रं सकाळी ३० संध्याकाळी ३०, टीचरचा अभ्यास ६०, तोंडाचा मसाज १५. खाली रेघ मारून ३१०.

"मॅडम, पाच तास दहा मिनिटं होऊन राहिले जी. शिवण कधी करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्याच पानावर बाजूला त्यांनी आमची भांडणंही लिहून ठेवली होती, आम्हाला माहीतच नसलेली. फिजिओ म्हणतात मागे पाय टाकून डब्ल्यूसारखं बसू देऊ नका, मॅडमकडे तो तसाच बसून खेळतो (मॅडम म्हणजे मी!). स्पीचवाले म्हणतात मोबाईल पूर्ण बंद, टीचर अभ्यासाचे व्हिडिओ मोबाईलवरच पाठवतात. मी म्हणते झोका हवा तेव्हा द्या, स्पीचवाले म्हणतात मागितल्याशिवाय देऊ नका. चार शिकलेली माणसं, एकालाही दुसऱ्याचा नंबर माहीत नाही, आणि आमच्यातला एकमेव निरोप्या म्हणजे ती बाई.

त्या रात्री मी तिघांनाही फोन केले. एकाने उचलला नाही, एकाने आधी "तुम्ही कोण?" असं विचारलं, पण आठवडाभरात आम्ही चौघं एका शनिवारी सकाळी फिजिओ सरांच्या खोलीत तर्री पोहे खात बसलो आणि ताईंना विचारलं, तुमचा दिवस सांगा, सकाळी उठल्यापासून. आम्ही काही सांगायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो, जमलं नाही पूर्ण, पण बरंच जमलं.

त्यातून निघालं ते हे. सकाळी त्या स्वयंपाक करतात पाऊण तास. पोरगं तेव्हा टीव्हीसमोर. मग गेटर बांधून त्याला ओट्याला टेकवलेल्या स्टुलावर उभं करायचं, सुरक्षित, मागून आजी, आणि समोर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक काडी ठेवायची. एकेक पान खुडून वाटीत टाकायचं. उभं राहणं झालं, माझं बोटांचं चिमटीचं काम झालं, आणि आई जुडी हातात धरून थांबायची, तो "दे" म्हणाला की पुढची काडी, म्हणजे स्पीचही झालं. पानं मोजली की टीचरचं. स्ट्रेचिंग आंघोळीनंतर, कपडे घालतानाच. तोंडाचा मसाज आणि ब्रशिंग आम्ही काढूनच टाकलं, आणि खरं सांगू का, त्याचा त्याला उपयोग होतोय याची खात्री आम्हालाही नव्हती, लिहून द्यायची सवय होती म्हणून दिलं होतं. ३१० चे वेगळे काढून करायचे असे ४० उरले.

आमच्याकडच्या या सांबार शब्दाचीही एक गोष्ट आहे. आमची स्पीचवाली पुण्याहून लग्न करून आलेली, हुशार, पण पहिल्या महिन्यात तिने एका मुलीच्या रिपोर्टमधे लिहिलं की भाज्यांची नावं चुकीची सांगते. कोथिंबिरीच्या चित्राला सांबार आणि बटाट्याला आलू. अगं माय, ती पोरगी शंभर टक्के बरोबर होती! चाचणी घेताना घरात कोणता शब्द चालतो ते आधी विचारायचं. घरी हिंदी, बाहेर मराठी, आजी गोंडी किंवा छत्तीसगढी अशी घरं नागपुरात भरपूर आहेत, आणि "दोन भाषांनी गोंधळला असेल, एकच बोला" असा सल्ला देऊन मोकळे होऊ नका, दोन भाषांमुळे भाषेचा विलंब होत नाही, आणि आजीशी बोलणं बंद करून पोराचंच नुकसान होतं.

पुस्तकात तीन शब्द येतील, मल्टिडिसिप्लिनरी, इंटरडिसिप्लिनरी, ट्रान्सडिसिप्लिनरी. परीक्षेपुरते पाठ करा. माझ्या डोक्यात ते असे बसलेत की पहिल्यात चार खोल्या आणि दारं बंद, दुसऱ्यात दारं उघडी, आणि तिसऱ्यात एकच माणूस चौघांचं समजून घेऊन त्या घराशी बोलतो, बाकीचे त्याच्या मागे उभे राहतात. तिसरं ऐकायला सोपं आणि करायला सगळ्यात अवघड, कारण त्यात आपलं काम दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं आणि अहंकार दुखतो, माझाही दुखला. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यापासून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कुटुंबाला धरून एकच लेखी प्लॅन आणि एक कोऑर्डिनेटर अशी रीत आहे. आपल्याकडे २०१३ मधे आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) सुरू झालं, जन्मतः दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब यासाठी १८ वर्षांपर्यंतची तपासणी, टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाते, आणि पुढच्या उपचाराला जिल्ह्याचं डीईआयसी, म्हणजे लवकर उपचार सुरू करायचं केंद्र. त्याच्या कागदावर बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, ऑडिओलॉजिस्ट, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, सोशल वर्कर सगळे आहेत. पदं भरलेली असणं वेगळं आणि ती माणसं एकमेकांशी बोलणं वेगळं, हे तुम्ही पहिल्या आठवड्यातच बघाल. पण फ्रेशरला अशी जागा मिळाली तर घ्या, कंत्राटी असली तरी घ्या, एवढ्या प्रकारची मुलं प्रायव्हेटमधे दोन वर्षांत दिसत नाहीत.

दोन चुका नवीन लोक हमखास करतात. एक, लवकर जन्मलेल्या बाळाचं वय. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ दहा महिन्यांचं झालं तर विकास बघताना ते आठ महिन्यांचं धरायचं, दोन वर्षांपर्यंत असं करेक्टेड वय धरतात. मी एका आईला उगाच रडवलंय याच्यात. दुसरी चूक याच्या नेमकी उलटी, "मुलगे उशिरा बोलतात, याचा बाप पण पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता" हे ऐकून थांबणं. सोळा महिन्यांत एक शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, अठरा महिन्यांत चालत नाही, येत असलेलं बोलणं गेलं, तर वाट बघायची नसते. आणि बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची आधी ऐकण्याची तपासणी, ओएई आणि गरजेप्रमाणे बेरा. तो टाळ्या वाजवल्या की बघतो म्हणजे ऐकू येतं असं घरचे म्हणतील, तरीही करायची. मी एक मुलगा सहा महिने "लक्ष देत नाही" म्हणून बसवून ठेवला होता, त्याला ऐकूच कमी येत होतं. ते अजूनही टोचतं.

ऐकण्यावरून आठवलं, कूलर. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की कूलरशिवाय बसणं शक्य नाही आणि डेझर्ट कूलरच्या घरघरीत श्रवणयंत्र लावलेल्या पोराला तुमचा शब्द काही ऐकू जात नाही. आम्ही उन्हाळ्यात अशी मुलं सकाळी साडेसातला घेतो, वीस मिनिटं कूलर बंद. दुपारच्या वेळा तशाही रिकाम्याच जातात, काटोल-रामटेकहून पोराला कडेवर घेऊन कोण येईल त्या उन्हात. आणि बाहेरगावची मुलं असली की चार थेरप्या चार दिवशी देऊ नका, बापाची चार दिवसांची मजुरी जाते. एका दिवशी दोन ठेवा, मधे डबा खाऊ द्या, झोपू द्या. सगळ्या एकाच दिवशी कोंबल्या तर तिसऱ्यापर्यंत पोट्टं नुसतं रडतं आणि तुम्ही फाइलमधे लिहिता, कोऑपरेट करत नाही.

थेरपीइतकंच कागदांचं शिका. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) कसं काढायचं, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कोणती २१ अपंगत्वं आहेत, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना, जिच्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांना एक लाखापर्यंतचं विमा कव्हर आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. सोशल वर्कर नसलेल्या क्लिनिकमधे हे कुणीच सांगत नाही. आणि पालकांच्या परवानगीशिवाय मुलाचे व्हिडिओ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, टीममधेही नाही. आमचं सगळं आता आईच्या एका वहीत असतं, चौघांनी तिच्यातच लिहायचं, आणि जागा पुरली नाही तर आपण जास्त सांगून राहिलो असं समजायचं.

त्या मुलाचं ध्येय आम्ही काय लिहिलं तेही सांगते. फिजिओ सरांनी आधी लिहिलं होतं वॉकरने २० मीटर. आजी म्हणाली तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या पोळ्याला, त्याचा लाकडी नंदी दरवर्षी मीच ओढते. मग ध्येय बदललं, गल्लीतली चार घरं, वॉकरला नंदीची दोरी बांधून. अंतर जवळपास तेवढंच, पण आता बापही रविवारी प्रॅक्टिस घ्यायला लागला, जो त्याआधी एकदाही सेशनला आला नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस होता, तो तीनच घरं गेला, चौथ्या घराच्या काकू बोजारा (नंदी घेऊन येणाऱ्या मुलांना देतात ती भेट) द्यायला स्वतःच बाहेर आल्या. पोरगं आजही वॉकरनेच चालतं, पुढेही बहुतेक लागेल, आणि हे आम्ही घरच्यांना पहिल्या मीटिंगलाच सांगितलं होतं. पूर्ण बरा करून देतो म्हणणारे बोर्ड शहरात भरपूर आहेत, तिथे नोकरी मिळाली तरी विचार करून जा.

पैशाचं विचारता म्हणून, सुरुवातीला कमी आहे. माझा पहिला पगार स्कूटीच्या हप्त्यात आणि पेट्रोलमधे गेला. आणि दुसऱ्या थेरपिस्टला केलेल्या फोनचे, शनिवारच्या मीटिंगचे कुणी पैसे देत नाही, सेशनचेच मिळतात, म्हणून तर कुणी करत नाही. इंटरव्ह्यूला जाल तेव्हा पगारासोबत एवढं विचारा की आठवड्यातून एक तास केस डिस्कशनला आहे का आणि तो ड्युटीत धरतात का. "गरज पडली की बोलतो आम्ही" असं उत्तर आलं तर समजा की बोलत नाहीत. तरी जॉइन व्हायचं असेल तर व्हा, पण पहिल्याच दिवशी मुलाच्या फाइलवर बाकीच्या थेरपिस्टचे नंबर लिहून घ्या, आणि हो, जीन्स घालू नका, दिवसभर जमिनीवरच बसायचं आहे.