गॅलरीच्या कठड्यावर बाहुल्याचं गाणं

हातात घालायचं बाहुलं आणि घरातला माणूस यांच्या गाण्याचा व्हिडिओ घरच्या घरी मोबाइलवर करायचा असेल, तर आधी गाणं रेकॉर्ड करा, बाहुलं नंतर शिवा. बरेच जण उलटं करतात आणि मग देखणं बाहुलं मांडीवर घेऊन आता याच्या तोंडी काय घालावं म्हणून विचार करत बसतात. दोन-अडीच मिनिटांचं गाणं पुरे. माणसाने एक ओळ गायची आणि बाहुल्याने तिला तिरकं उत्तर द्यायचं, अशी सवाल-जवाबाची चाल मुलांना लगेच जमते. विषय घरातलाच घ्या: नळाला पाणी यायची वेळ, डब्यातली शेवटची करंजी, वरच्या मजल्यावरच्या काकांचं घोरणं.

रेकॉर्डिंग रात्री करा. पंखा बंद, आणि कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गायचं. कपडे आवाजाचा घुमारा खातात. शूटिंगला हेच गाणं स्पीकरवर लावायचं आणि सगळ्यांनी नुसते ओठ हलवायचे. मध्ये कुकरची शिट्टी झाली तरी बिघडत नाही. गिरगावात आमच्या चाळीत ती होतेच.

बाहुल्यासाठी बोटभर जाडीचा फोम लागतो. गादीवाल्याकडे कापून उरलेले तुकडे मागा. वरचं कापड मुंबईतल्या मंगलदास मार्केटच्या कापडबाजारातून आणा, पण ताणलं जाणारं हवं, नाहीतर तोंड उघडताना गालाला सुरकुत्या पडतात. डोळ्यांना टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापून लावायचा. हसू नका. ‘मपेट्स’ या बाहुल्या करणाऱ्या अमेरिकन जिम हेन्सनने 1955 साली आपला पहिला कर्मिट, म्हणजे पुढे बेडूक म्हणून गाजलेलं बाहुलं, आईच्या जुन्या कोटातून आणि अशाच अर्ध्या चेंडूंतून केला होता, आणि हेच पात्र पुढे 1979 च्या ‘द मपेट मूव्ही’त बँजो घेऊन गायलं. बुबुळं मात्र बरोबर मध्यभागी काढू नका, किंचित नाकाकडे सरकवा. मध्यभागी असली की बाहुलं सरकारी कचेरीतल्या खिडकीमागच्या माणसासारखं कुणाकडेच बघत नाही.

आता जागा. चाळीत राहणाऱ्यांना स्टेज बांधायची गरजच नाही, गॅलरीचा कठडा आहे! त्यावर एक चादर आणि दोन-तीन साड्या वाळत टाका, बाहुलं चालवणारा त्यांच्यामागे पाटावर बसेल, आणि बाहुलं कमरेपासून वर दिसेल. कॅमेरा समोरच्या गॅलरीत किंवा त्याच गॅलरीच्या टोकाला ठेवा. हेन्सनला दलदलीतल्या ओंडक्यावर कर्मिट बसवायचा होता, तेव्हा तो स्वतः पाण्याखाली लोखंडी टाकीत अंग चोरून बसला होता. त्या मानाने आपला पाट म्हणजे चैन आहे. फ्लॅटवाल्यांनी सोफा भिंतीपासून पुढे ओढून त्याच्या पाठीमागे बसावं.

तोंड हलवण्याची खुबी अंगठ्यात आहे. वरची चार बोटं स्थिर ठेवायची आणि अंगठा खाली आणायचा. नवशिके चारही बोटं वर उचलतात, मग प्रत्येक शब्दाला बाहुल्याचं डोकं मागे पडतं. अक्षरागणिक तोंड उघडा: ‘क-रं-जी’ला तीनदा. ‘आ’ला मोठं, ‘म’ला मिटलेलं. हात वर धरला की मनगट आपोआप मागे कलतं आणि बाहुलं छताकडे बघू लागतं, म्हणून मनगट थोडं पुढे वाकवून ठेवा. हात भरून येतो. दर कडव्यानंतर उतरवा, वाटल्यास आलटून पालटून दोघांनी चालवा.

चालवणाऱ्याला स्वतःचं काम दिसायला हवं. कॅमेऱ्याशेजारी दुसरा मोबाइल ठेवून त्यावरून व्हिडिओ कॉल लावा आणि आवाज दोन्हीकडे बंद करा. तिसरा मोबाइल चालवणाऱ्याच्या पायाशी. चित्र क्षणभर उशिरा येतं, त्यामुळे तोंड स्पीकरवरच्या गाण्याबरोबर हलवायचं, पडद्यात फक्त नजर आणि उंची तपासायची.

एवढं सगळं करूनही सीन उभा राहतो तो शेजारच्या माणसामुळे. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू आठवा. रामदास पाध्यांनी केलेला तो बाहुला छानच होता, पण लक्ष्मीकांत बेर्डे ज्या तऱ्हेने त्याला टरकतो, त्यामुळे आपण टरकलो. म्हणून माणसाच्या भूमिकेसाठी घरातला सर्वांत गंभीर चेहऱ्याचा माणूस निवडा. आमच्याकडे हे काम सासऱ्यांकडे जातं. त्यांना एकच सूचना: बाहुल्याच्या डोळ्यांत बघा, साडीमागच्या नातवाकडे नाही. बाहुलं गात असताना मान डोलवू नका, ऐका. त्याचा राग आला तर राग येऊ द्या. मुद्दाम विनोदी चेहरे करणाऱ्या काकांना टाळ्या द्यायच्या कामावर बसवा.

मोबाइल आडवा धरा, उजेड सकाळचा घ्या. आधी अख्खं गाणं दोघांना एकत्र घेऊन शूट करा, मग फक्त बाहुलं, मग फक्त सासरे. जोडताना बाहुल्याच्या ओळीवर मधूनमधून सासऱ्यांचा चेहरा टाका, हशा तिथेच मिळतो.

शेवटची ओळ बाहुल्याला द्या आणि ती संपल्या संपल्या कॅमेरा बंद करू नका. दोघांना एकमेकांकडे बघत राहू दे. कुणीतरी फिसकन हसतंच. तेही ठेवा.