आकडा आधी पायात, मग तोंडात

सोलापुरात चर्चच्या आवारातल्या बालवाडीत शिकवायला लागून मला अकरा वर्षं झाली. नवीन रुजू होणारी प्रत्येक मुलगी पहिल्याच आठवड्यात विचारते, "ताई, अंक कुठून सुरू करू?" माझं उत्तर ठरलेलं असतं: पाटीवरून नको.

पहिल्या वर्षी मी मुलांकडून एक ते पन्नास घोकून घेतले. नाताळच्या कार्यक्रमात पालकांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारीत एका पोराला म्हटलं, "चार चिंचोके आण." त्याने मूठभर आणून माझ्या ओंजळीत ओतले. चार म्हणजे किती, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून एक हालचाल, एक आकडा. आमच्या वर्गात शहाबादी फरशी आहे. एका फरशीवर एक उडी, उडीबरोबर आकडा. मूल तीन वर्षांचं असताना पाचपर्यंत पुरे, पुढे दहा. अकरा-बाराची घाई करू नका. त्या शब्दांत दहा ऐकूच येत नाही. पाच उड्या झाल्या की विचारायचं, "किती झाल्या?" मूल परत एकपासून मोजू लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे त्याला अजून उमगलेलं नाही. रागवू नका, उद्या परत विचारा.

पूर्व भागातली काही मुलं घरी तेलुगू बोलतात. ती "ओकटि, रेंडु, मूडु" म्हणत उडतात. उडू द्या. पाय बरोबर पडला की मराठी आकडा मागून येतो.

बायबलच्या गोष्टी इथे फार कामी येतात. रोग बरा व्हावा म्हणून यार्देन नदीत सात वेळा बुडी मारणारा सेनापती नामान घ्या. दोघींनी निळी साडी आडवी धरायची, मुलांनी तिच्याखाली बसून उठायचं. मुलं बसताना एक आणि उठताना दोन म्हणतात, सात बुड्यांच्या चौदा होतात. म्हणून डोकं साडीखाली गेलं की तेव्हाच आकडा, वर येताना गप्प. एवढ्या एका नियमाने माझा वर्ग सुधारला.

फेऱ्या मारून आरोळी दिल्यावर कोसळलेल्या यरीहो नगराच्या भिंतीला पूर्ण आठवडा द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांची भिंत, सोमवार ते शनिवार रोज एक फेरी, रविवारी सुट्टी, आणि पुढच्या सोमवारी सात फेऱ्या व आरोळी. रोज एक खडूची रेघ मारायची. उन्हाळ्यात हे सकाळी नऊच्या आतच उरका, नंतर अंगणात पाय टेकवत नाही. आमच्याकडे सगळ्याच धर्मांच्या घरांतली मुलं येतात, तेव्हा गोष्ट गोष्टीसारखीच सांगा, त्यांच्याकडून श्रद्धेची कबुली मागू नका.

माझ्या सर्वांत जवळचा खेळ हरवलेल्या मेंढराचा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात शंभर मेंढरं आहेत, आम्ही दहा घेतो. एक मूल मेंढपाळ. दाराशी उभं राहून तो प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजतो. नऊच भरतात, कारण एकाला आधीच कपाटामागे बसवलेलं असतं. शोधून आणल्यावर मेंढपाळाला पुन्हा मोजू द्या. वेळ नाही म्हणून हे गाळू नका. मागच्या वर्षी चार वर्षांच्या एका मुलीने असंच मोजलं. "दहा" म्हणून झाल्यावरही तिने त्या शेवटच्या डोक्यावरचा हात बराच वेळ काढला नाही.