पाकिटावर ‘नॅनो’ लिहिलेले नसते, तेव्हा काय वाचावे

श्रावणात पुण्याची हवा दमट झाली की आमच्या बरणीतले साधे मीठ ओलसर होऊन गोळे धरते, आणि शेजारच्या डब्यातली तयार सूपची पूड मात्र चमचा तिरपा करताच सुटी होऊन पडते. या फरकाचे कारण पाकिटाच्या मागच्या बाजूस, शिवणीजवळच्या बारीक अक्षरांत, आयएनएस 551 या आकड्याने छापलेले असते. आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या घटकांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. 551 म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. त्याचे मूळ कण 100 नॅनोमीटरपेक्षा लहान असतात (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), पण ते एकमेकांना घट्ट चिकटून मोठे पुंजके बनलेले असतात. आपल्या घरात नॅनो आकाराचे पदार्थ येतात ते बहुधा असे, आकड्याच्या रूपाने. म्हणून ते आकडे वाचायला शिकणे हेच पहिले काम आहे.

आकाराने एवढा फरक का पडतो, हे एका हिशेबाने कळते. बाजू 1 सेंटिमीटर असलेल्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे 100 नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग 60 चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसहाशे चौरस फूट होतो. कोथरूडमधील एखाद्या वन बीएचके सदनिकेची फरशी डोळ्यांपुढे आणावी. वस्तू तीच आणि वजनही तेच, पण आतड्याशी, पेशींशी आणि अन्नातील इतर घटकांशी संपर्क येणारा भाग लाखपट वाढतो. त्यामुळे जाड कणांवर झालेली सुरक्षिततेची चाचणी बारीक कणांना आपोआप लागू होत नाही.

तरीही ‘नॅनो’ या शब्दाला घाबरू नये. दुधातील केसीन प्रथिनाचे पुंजके मुळातच साधारण दीडशे-दोनशे नॅनोमीटरचे असतात, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या आपण पचवत आलो आहोत. माझ्या मते खरा प्रश्न एकच विचारावा: हा कण पोटात विरघळतो किंवा पचतो का, की जसाच्या तसा राहतो? मेद, प्रथिने आणि स्टार्च यांचे कण पचून जातात. टायटॅनियम डायऑक्साइडसारखे अविद्राव्य खनिज कण पचत नाहीत. चिंतेचा मोठा भाग या दुसऱ्या गटापुरताच आहे.

पाकीट हातात घेतल्यावर घटकांच्या यादीत आयएनएस 171, 174 आणि 551 हे तीन आकडे शोधावेत. अक्षरे लागत नसतील तर मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा. 551 हा कॉफी प्रीमिक्स, लसूण पावडर, तयार मसाले यांत आढळतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2024 मध्ये त्याचे पुन्हा मूल्यमापन केले आणि नोंदवलेल्या वापराच्या प्रमाणात तो कोणत्याही वयोगटासाठी चिंतेचा नाही, असा निष्कर्ष काढला. त्यामुळे केवळ या आकड्यासाठी पाकीट परत ठेवण्याची गरज मला वाटत नाही.

171 ची गोष्ट वेगळी आहे. हा टायटॅनियम डायऑक्साइड च्युइंगगम, साखरेचे कवच असलेल्या गोळ्या आणि केकवरील पांढरे आवरण यांना शुभ्रपणा देतो, आणि त्यातील काही कण नॅनो आकाराचे असतात. फ्रान्सने 1 जानेवारी 2020 पासून खाद्यपदार्थांत त्याचा वापर थांबवला. युरोपीय प्राधिकरणाने मे 2021 मध्ये, त्यामुळे जनुकीय द्रव्याला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे सांगितले आणि 2022 मध्ये संपूर्ण युरोपीय संघाने खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली. याउलट अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये आपले जुने अनुकूल मत कायम ठेवले. तज्ज्ञांत मतभेद असताना घरात काय करावे? हा घटक ना पोषण देतो, ना पदार्थ टिकवतो. तो केवळ रंग आहे. म्हणून लहान मुलांच्या खाऊत 171 दिसला, तर मी ते पाकीट घेत नाही आणि इतरांनीही घेऊ नये, असे मनापासून सांगतो.

174 म्हणजे चांदी. मिठाईवरचा वर्ख सणासुदीपुरता असतो, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. मात्र ‘नॅनो सिल्व्हर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांबाबत काळजी घ्यावी. आंबट पदार्थांत चांदी अधिक प्रमाणात सुटते, म्हणून अशा डब्यात लोणचे, ताक किंवा सोलकढी ठेवू नये. डबा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, आणि आतून ओरखडे पडले की तो खाण्यासाठी वापरणे बंद करावे.

नॅनो कर्क्युमिन (कर्क्युमिन हा हळदीतील घटक) किंवा सूक्ष्म थेंबांतील जीवनसत्त्व ‘ड’ अशा पूरक आहारात कण पचणारा असला, तरी मुद्दा मात्रेचा असतो. शोषण वाढावे यासाठीच कण बारीक केलेला असतो, तेव्हा साध्या गोळीइतके मिलिग्रॅम म्हणजे तितकाच परिणाम, हे गृहीत धरू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी असे कर्क्युमिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. भाजीतल्या चिमूटभर हळदीला हा नियम लावण्याचे कारण नाही.

युरोपीय संघात जाणीवपूर्वक घडवलेल्या नॅनो घटकाच्या नावापुढे कंसात ‘नॅनो’ छापणे डिसेंबर 2014 पासून सक्तीचे आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2020 मध्ये कृषी व अन्नातील नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती उत्पादक व परीक्षक यांच्यासाठी आहेत, दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाच्या हाती त्यांतून काही लागत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार शुल्क भरून ग्राहकाला पदार्थाचे विश्लेषण करून घेता येते. मात्र नेहमीच्या विश्लेषणात घटक कळतो, त्याच्या कणाचा आकार कळत नाही, कारण त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून आधी उत्पादकालाच लिहावे. लेबलवरील ग्राहक सेवेच्या पत्त्यावर बॅच क्रमांक आणि 14 अंकी परवाना क्रमांक देऊन तीन गोष्टी विचाराव्यात: या घटकात 100 नॅनोमीटरपेक्षा लहान कण किती, ते विरघळतात का, आणि चाचणी याच आकाराच्या कणांवर झाली आहे का. उत्तर येईपर्यंत रिकामे पाकीट टाकू नये. उत्तर आलेच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवताना ते पाकीट समोर लागते.