विधिमंडळ अधिवेशनाच्या बातमीदारीला निघण्यापूर्वी

प्रवेशिका, ओळखपत्र, दोन पेनं, चार्जर. यावर जास्त बोलत नाही. हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला जाणार असाल तर खोली आधी ठरवा.

कामकाजाचा क्रम आदल्या रात्रीच वाचा आणि तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचना), विधेयकं यांवर खुणा करून ठेवा. यादीतले सगळे प्रश्न प्रश्नोत्तराच्या तासात पुकारले जात नाहीत. त्यामुळे छापील उत्तर पाहून ‘मंत्र्यांनी सभागृहात सांगितले’ असं लिहू नका, ‘लेखी उत्तरात’ लिहा. विधानसभेत अध्यक्ष, परिषदेत सभापती. विधेयक मांडलं म्हणजे संमत झालं नाही, आणि एका सभागृहात संमत झालं म्हणजे कायदा झाला नाही.

आता वही. प्रत्येक पानावर डावीकडे दोन बोटं समास सोडा. त्यात फक्त वेळ लिहायची आणि ‘काढलं’ ही खूण करायची. पीठासीन अधिकाऱ्यांनी, म्हणजे अध्यक्षांनी किंवा सभापतींनी, एखादा शब्द कामकाजाच्या नोंदीतून काढला की त्या ओळीला तिथल्या तिथे चौकट करा. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून पुन्हा सांगतो: काढलेले शब्द! हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, घोषणा चालू असताना अध्यक्षांचं ते एक वाक्य गॅलरीत ऐकूच येत नाही. कधी ते ‘तपासून काढून टाकतो’ म्हणतात आणि निर्णय होईपर्यंत तुमची बातमी गेलेली असते. तेव्हा पाठवण्याआधी विधिमंडळ सचिवालयात विचारा, काय काढलं? शेजारच्या पत्रकाराला विचारून भागवू नका, त्यालाही ऐकू आलेलं नसतं.

थेट प्रक्षेपणात सगळ्यांनी ऐकलं, ही सबब काढलेलं छापायला चालत नाही. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या वृत्तपत्राने १९५७ मध्ये बिहार विधानसभेतल्या भाषणाचा काढून टाकलेला भाग छापला. हक्कभंगाची (सभागृहाच्या विशेषाधिकाराच्या भंगाची) कारवाई सुरू झाली, संपादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. संविधानाच्या अनुच्छेद ३६१-क चं संरक्षण कामकाजाच्या खऱ्या वृत्ताला आहे, आणि काढलेला मजकूर कामकाजात धरलाच जात नाही.

कार्यालयातल्या संपादकीय डेस्कलाही कळवा, कारण काढलेला शब्द सगळ्यात झणझणीत असतो आणि तोच मथळ्यात जातो. फोटोओळ, टीव्हीवरची पट्टी, मोबाईलवरची सूचना, सगळं तपासा.

आडनावं, मतदारसंघ, आकडे एकदा वाचा. पाठवा. कामकाज संपल्यावर सचिवालयात पुन्हा विचारा आणि वेबवरची बातमी उघडून बघा.