दुबईची नोकरी सोडताना: आधी हिशोब, मग कॅन्सलेशनवर सही

व्हिसा कॅन्सल करायचा कागद समोर आला की सही करण्याआधी त्यात एक ओळ शोधा. कागद अरबी आणि इंग्रजीत असतो. वर तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, लेबर कार्डाचा (कामाच्या परवान्याचा) नंबर, आणि खाली सहीच्या जरा वर लिहिलेलं असतं की माझे सगळे देय पैसे मला मिळाले, कंपनीकडे माझं काही येणं नाही. त्याखाली तुमची सही. हल्ली बऱ्याच जणांना कागदाऐवजी मोबाइलवरच मंजुरी द्यावी लागते, पण वजन तेवढंच. पैसे हातात पडायच्या आत ही सही दिलीत, तर पुढे भांडताना तुमचाच कागद तुमच्या विरुद्ध उभा राहतो.

मी दुबईत अल कूझमधल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांचे व्हिसा, लेबर कार्डं आणि सेटलमेंट सांभाळायचे. आता नेरूळला असते, तरी ओळखीपाळखीतून फोन येतच राहतात. परवा जावेच्या मुलाचा आला. ऐरोलीत नोकरी लागली, तिकडे राजीनामा दिला, आणि कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, म्हणतो, सही करून टाक, हिशोब मागून खात्यात येईल. मी म्हटलं, "थांब बाळा. बेसिक किती आणि वर्षं किती, ते आधी मला सांग."

बेसिक 6,000 दिरहॅम, नोकरी पूर्ण सात वर्षं. ग्रॅच्युइटी एकूण पगारावर धरत नाहीत, फक्त बेसिकवर. 6,000 भागिले 30, म्हणजे दिवसाचे 200. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी 21 दिवसांचा पगार: 21,000. पुढच्या वर्षांना 30 दिवसांचा, म्हणजे दोन वर्षांचे 12,000. एकूण 33,000 दिरहॅम. शिवाय न घेतलेली रजा, तीही बेसिकवर, आणि शेवटच्या महिन्याचा पगार. त्याच्या कंपनीने दिलेल्या कागदावर ग्रॅच्युइटी बरीच कमी होती, कारण राजीनामा दिला म्हणून कापून घेतली होती. हा जुना नियम. 2022 च्या फेब्रुवारीपासून नवा कामगार कायदा लागू झाला आणि राजीनाम्याची कपात गेली. एक वर्ष सलग नोकरी झालेली असली की ग्रॅच्युइटी पूर्ण मिळते. हा आकडा घरी बसून स्वतः काढा आणि कंपनीला ईमेलवर पाठवा. तोंडी बोलण्यावर राहू नका.

नोटीस करारात असेल तेवढी द्या. कायद्याने ती 30 ते 90 दिवसांत बसते. करार संपल्यापासून 14 दिवसांत कंपनीने सगळे पैसे द्यायला हवेत. नाही दिले तर मनुष्यबळ मंत्रालयाच्या ॲपवर तक्रार करा, सगळे त्याला मोहरे म्हणतात. 50,000 दिरहॅमपर्यंतच्या वादात 2024 पासून मोहरेच निकाल देऊ शकतं, लगेच कोर्टात जावं लागत नाही. कंपनी फ्री झोनमधली, म्हणजे वेगळे नियम असलेल्या खास व्यापारी क्षेत्रातली असेल, तर आधी त्या झोनच्या ऑफिसात चौकशी करा, तिथली वाट वेगळी असते. आणि अगदीच एकटं पडल्यासारखं झालं तर दुबईत आपल्या वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. तिथे जायला संकोच करू नका.

कॅन्सलेशन दोन टप्प्यांत होतं. आधी कंपनी मोहरेकडे लेबर कार्ड रद्द करते, मग राहण्याचा व्हिसा. दुबईत तो जी.डी.आर.एफ.ए. या तिथल्या व्हिसा खात्याकडून रद्द होतो, बाकीच्या अमिरातींत आय.सी.पी. या केंद्रीय खात्याकडून. अर्ज टाइप करून भरायची धावपळ कंपनीनेच करायची असते, खर्चही तिचाच. तुमच्याकडून पासपोर्ट आणि एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) मागतील. कामापुरता पासपोर्ट द्या, पण काम झालं की त्याच दिवशी परत मागा. कामगाराचा पासपोर्ट ठेवून घ्यायचा कंपनीला अधिकार नाही.

बायकामुलं तुमच्या व्हिसावर असतील तर त्यांचे व्हिसा आधी रद्द करावे लागतात, तुमचा शेवटी. इथे लोकांची फार तारांबळ उडते. मुलांची परीक्षा मार्चमध्ये, कंपनीला कॅन्सलेशन फेब्रुवारीत हवं, आणि मधल्या मधे सगळं घर अडकतं. राजीनामा देतानाच शाळेची तारीख मंदूबला सांगा आणि शेवटचा दिवस त्याप्रमाणे ठरवून घ्या. फी थकली असेल तर शाळा दाखला अडवते, तेवढं आधी फेडा.

व्हिसा रद्द झाला म्हणून त्याच रात्री विमानात बसावं लागत नाही. व्हिसाच्या प्रकारानुसार 30 पासून 180 दिवसांपर्यंत मुदत मिळते. तुमची शेवटची तारीख कॅन्सलेशनच्या कागदावर असते, मित्राला मिळालेली मुदत आपली समजू नका. त्यानंतर राहिलात तर दिवसाला 50 दिरहॅम दंड.

बँकेचं काम मात्र राजीनाम्याच्या आठवड्यातच सुरू करा. नोकरी सुटल्याचं कळलं की कर्ज किंवा क्रेडिट कार्ड असलेलं खातं बँक रोखू शकते, आणि नेमकी तुमची ग्रॅच्युइटी त्यात अडकते. कार्ड बंद व्हायला महिना-दीड महिना सहज जातो. सगळं फिटलं की काही देणं नसल्याचं पत्र लेखी घ्या. थकबाकी ठेवून निघणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. बँक कोर्टात गेली तर प्रवासबंदी लागू शकते, आणि पुढे कधी दुबईवरून विमान बदलायचं म्हटलं तरी धाकधूक राहते.

दुबईचा मोबाइल नंबर लगेच तोडू नका, प्रीपेडवर ठेवा. बँकेचे ओटीपी, यू.ए.ई. पास (सरकारी कामांचं लॉगिन ॲप), सगळं त्याच नंबरवर येतं. घराची एजारी (भाडेकराराची नोंद), डेवाचं म्हणजे वीज-पाण्याचं शेवटचं बिल, इंटरनेट ही कामं सोपी आहेत. फक्त डेवाची अनामत परत मिळेपर्यंत एक खातं चालू राहू द्या.

आणखी एक, आणि हे ठाणे-कळव्यापासून पनवेलपर्यंत फार घडतं. सुट्टीवर घरी यायचं आणि इथूनच व्हॉट्सॲपवर कळवायचं की आता येत नाही. एका इलेक्ट्रिशियनने असंच केलं. त्याला वाटलं, सहा महिने बाहेर राहिलं की व्हिसा आपोआप जातो, मग कटकट कशाला? व्हिसा जातो हे खरं, पण कंपनीने तोवर कामावरून पळाल्याची नोंद केली होती. असं काम सोडलं तर वर्षभर तिथे दुसरं वर्क परमिट मिळत नाही. हिशोब मागायची त्याची बाजूही लंगडी झाली. घरी अडचण असेल आणि जाणं शक्यच नसेल, तर राजीनामा ईमेलने द्या, नोटिशीचं काय ते लेखी ठरवा आणि बाहेर असतानाच रद्द करायला सांगा. तशी सोय आहे.

निघण्याआधी कंपनीकडून अनुभवाचं प्रमाणपत्र घ्या, ते फुकट देणं कायद्याने बंधनकारक आहे. दुबई पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही एमिरेट्स आयडी हातात आहे तोवर काढून ठेवा, नंतर जास्त खटाटोप पडतो. परतीचं तिकीट कंपनीकडे मागा. दुसरीकडे रुजू होत नसाल आणि चूक तुमची नसेल तर ते त्यांनी द्यायचं असतं.

इथे आल्यावर वाशीच्या तुमच्या बँकेत जाऊन कायमचे परतल्याचं सांगा. एन.आर.ई. खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं) तसंच चालू ठेवता येत नाही, ते रहिवासी खातं करावं लागतं किंवा पैसे आर.एफ.सी. खात्यात, म्हणजे परतलेल्यांच्या परकीय चलनाच्या खात्यात, ठेवता येतात. एफ.सी.एन.आर. ठेव (परदेशात असताना परकीय चलनात ठेवलेली) मुदत संपेपर्यंत राहू शकते. बरीच वर्षं बाहेर काढली असतील तर करासाठी सुरुवातीला वेगळा दर्जा मिळू शकतो, म्हणून ठेवी मोडण्याआधी सी.ए. ला एकदा भेटा. कॅन्सलेशनचा कागद, सेटलमेंटचा हिशोब आणि बँकेचं पत्र यांच्या प्रती एकाच फायलीत लावा. पुन्हा आखातात जायचं ठरलं तर नवी कंपनी सगळ्यात आधी जुना व्हिसा रद्द झाल्याचा कागद मागते.